लिफ्टवाल्यांची बुधवारची बैठक

रक्ततपासणीच्या खिडकीला लागून असलेली ती खोली आता पुन्हा सामानाची झाली आहे. परवा गेले होते तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. आत सलाइनचे रिकामे स्टँड, दोन मोडक्या व्हीलचेअर आणि खोक्यांवर खोकी. दारात उभी राहून मी आमच्या बारा खुर्च्या कुठे कुठे असायच्या ते मनातल्या मनात मांडून पाहिलं. लादी पुसणारी बाई म्हणाली, "आजी, चुकलात. औषधांची खिडकी पुढे आहे." मी "बरं" म्हटलं आणि पुढे गेले. तिला सांगणार तरी काय होते?

आम्ही बाराही जण किडनी बदललेले. कोणाला आईची मिळालेली, कोणाला नवऱ्याची. माझी कोणाची ते मला माहीत नाही. कोणीतरी गेलं आणि त्याच्या घरच्यांनी भर दुःखात "घ्या" म्हटलं, एवढंच मला ठाऊक. आमच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तपासणीच्या दिवशी मात्र आधी रक्त द्यायचं आणि मगच गोळी घ्यायची, कारण आदल्या गोळीतलं औषध रक्तात किती उरलंय ते मोजायचं असतं. म्हणून दर बुधवारी सकाळी खिशात गोळी घेऊन सगळे रांगेत. आठला रक्त, नऊला गोळी, बाराला रिपोर्ट. त्या रिपोर्टातल्या क्रिएटिनिनला आम्ही नुसतं "आकडा" म्हणायचो. आकडा खाली तर आठवडा आपला. आकडा वर गेला तर परक्या किडनीचं आणि शरीराचं बिनसलं असं समजायचं. आठ ते बारा हे चार तास कसे काढायचे, हाच आमचा खरा आजार होता.

लिफ्टवाले आमच्यातले सगळ्यात जुने. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला. एका जुन्या आठमजली कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. जाळीच्या दाराची, हातात दांडा धरून चालवायची लिफ्ट. मजल्याशी मजला नेमका जुळला नाही तर माणसं अडखळतात, म्हणून दांडा कधी सोडायचा ते त्यांना डोळे मिटूनही कळायचं. "एकतीस वर्षं रोज वर गेलो बाई," ते मला म्हणायचे, "पण बढती काही मिळाली नाही." हा विनोद त्यांनी मला किमान दोनशे वेळा सांगितला असेल. आता कोणी सांगत नाही.

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. घरचे म्हणतात, छंदही. त्यामुळे इस्पितळाने एक समुपदेशक मुलगी नेमली आणि तिने "तणाव हलका करणारं सजगता ध्यान" असं पत्रक वाटलं, तेव्हा मी त्यातल्या चार चुकांना लाल गोल करून ते तिला परत दिलं. पोर हसली. म्हणाली, "बसून तर बघा." वयाने जेमतेम सव्वीस-सत्तावीस. मनात म्हटलं, पोट फाडून घेतलेल्या माणसांना ही काय शिकवणार?

पहिल्या दिवसाची गंमत अजून आठवते. खोलीतल्या एक्स-रेच्या जुन्या फायली हलवून तिने बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. डोळे मिटायला सांगितलं. गोड आवाजात म्हणाली, "लक्ष पायाच्या अंगठ्यावर न्या. आता घोटा. आता गुडघा." गुडघ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग ती म्हणाली, "आता पोट. तिथे जे जाणवेल त्याकडे नुसतं बघा." आणि बाराच्या बारा हात एकदम ओटीपोटावर गेले. आमची नवी किडनी तिथेच तर बसवलेली असते, पुढच्या बाजूला, चामडीखाली.

आम्ही बघितलं. जन्मात कधी इतकं बारकाईने बघितलं नव्हतं. आमच्यातल्या एका बेकरीवाल्याला तिथे ठणका जाणवला. मला जडपणा जाणवला, मग गरम वाटलं, मग अजिबातच काही जाणवेना आणि त्याची जास्त धडकी भरली. डोळे उघडले तेव्हा बेकरीवाला घामाने निथळत होता. त्या दिवशी आमच्यातले सात जण थेट सोनोग्राफीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सातच्या सात किडन्या ठणठणीत निघाल्या. सोनोग्राफीचे डॉक्टर बाहेर येऊन ओरडले, "तिकडे शिकवता तरी काय तुम्ही या लोकांना?"

मुलगी जिन्यात बसून रडत होती. रांगेत न गेलेल्यांत लिफ्टवाले होते. ते तिच्या शेजारी, एक पायरी सोडून बसले. मी पाण्याची बाटली घेऊन गेले होते म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "मुली, लिफ्ट मध्येच अडकली ना, की आतल्या माणसाला दोराचा विचार करायला सांगायचं नसतं."

ती डोळे पुसत म्हणाली, "मग काय सांगायचं असतं?"

"मी काय सांगायचो ते सांगतो. वीज जायची, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. आत आठ माणसं. एक दार बडवतो, एक देवाचा धावा करतो, एक माझ्यावर ओरडतो, जसा काही मीच फुंकर मारून वीज घालवली. मी म्हणायचो, दार बडवू नका. सगळे ऐका. काय काय ऐकू येतंय ते एकेकाने मला सांगा. मला कळायला हवं, वर कोणी आलंय का." ते हसले. "मला काही कळायचं नाही हो. पण माणूस ऐकायला लागला की ओरडायचा थांबतो. ऐकणं आणि ओरडणं एकदम जमत नाही."

मुलगी शहाणी होती. अपमान वाटून घेतला नाही. म्हणाली, "काका, हेही ध्यानच आहे. मीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली."

पुढच्या बुधवारपासून बैठक लिफ्टवाल्यांच्या रीतीने सुरू झाली. पाठ टेकून बसायचं, डोळे मिटायचे, दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. मग प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते एक-एक सांगायचं. नियम एकच: ऐकलं ते सांगा, वाटलं ते नको. पंख्याचं एक पातं लागत होतं, ते पहिल्या दिवशी पाच जणांनी सांगितलं. मग कान तयार होत गेले. बाहेरच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं, चहावाल्याच्या किटलीचं झाकण वाजतं, खिडकीवरचा माणूस नाव पुकारण्याआधी घसा खाकरतो. बेकरीवाला एकदा म्हणाला, "मला माझ्या नशिबाचं दार लागल्याचं ऐकू आलं." लिफ्टवाले डोळे न उघडता म्हणाले, "ते ऐकू येत नसतं. पुढचा." मी हसू दाबता दाबता इतकी खोकले की मुलीला दहा मिनिटं पुन्हा लावावी लागली. नऊला सगळ्यांच्या फोनचे गजर एकदम वाजायचे आणि बारा जण गोळी गिळायचे, तेही मग बैठकीतच धरलं.

मी हट्टी बाई. ध्यानाने आकडा खाली येतो असं मला कोणी आजही म्हटलं तर मी भांडेन. आकडा गोळ्यांनी आणि डॉक्टरांनी जागेवर राहतो. पण आकड्याची वाट बघणं मला त्या खोलीने शिकवलं. पूर्वी सोमवारपासूनच मला बुधवारची धास्ती असायची. घरात भांड्याला भांडं लागलं तरी मी खेकसायचे. त्या बैठका सुरू झाल्यावर बुधवारी मी चक्क केस नीट विंचरून जायला लागले. तपासणी नसली तरी जायचे. सगळेच यायचे. ते दिवस आठवले की मला आजारपण आठवतच नाही, ती माणसं आठवतात.

लिफ्टवाल्यांना किडनी दिली होती त्यांच्या धाकट्या बहिणीने. ती चार तासांच्या अंतरावरच्या गावात रोपवाटिका चालवायची. यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. ही मातीचे हात धुऊन आली आणि म्हणाली, माझी तपासा. लिफ्टवाले हे सांगताना नेहमी एकच वाक्य बोलायचे, "बाई, ही माझी नाही. बहिणीची ठेव आहे माझ्याकडे." चालताना त्यांचा तळहात कायम पोटाच्या उजव्या बाजूला असायचा. दर बुधवारी सव्वाबाराला बहिणीचा फोन यायचा. ती "आकडा काय?" विचारायची आणि हे सांगायचे, "एक पूर्णांक चार. तोच."

अकराव्या वर्षी एका बुधवारी ते माझ्या शेजारी उभे राहून फोनवर तेच म्हणाले. त्यांचा रिपोर्ट दुसऱ्या हातात होता, माझ्या बाजूने उलटा. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या बाईला उलटं वाचता येतं. दोन पूर्णांक सहा.

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "किती महिने?"

ते चपापले. रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आठ. डॉक्टर म्हणतात हळूहळू झिजत चाललीय. गोळ्या बदलून बघितल्या. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. मग पुन्हा डायलिसिस."

ती किडनी त्यानंतर दोन वर्षं चालली, हे मी इथेच सांगून टाकते. डायलिसिसवरही ते आणखी दीड वर्ष होते. म्हणजे त्या दिवशी प्रश्न जगण्या-मरण्याचा नव्हता. त्यांना खात होतं ते निराळंच. बहिणीने अंगातून काढून दिलेली गोष्ट आपल्या हातून गेली, हे तिच्या तोंडावर सांगायचं कसं? सगळ्यांना शांत करणारा माणूस स्वतः आठ महिने अडकून पडला होता, आणि बैठकीत कोणाला पत्ता नव्हता. मला आधी त्यांचा राग आला, मग माझाच. त्यांची पाळी आली की गेले कित्येक आठवडे ते "पंखा" म्हणत होते. दर वेळी पंखा. मुद्रितात असती तर ही चूक मी पहिल्या नजरेत पकडली असती.

"तिला सांगा," मी म्हटलं.

"काय तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"बाई, तुम्ही फार भांडखोर आहात."

"आहेच. पण खोटा आकडा मी कधी छापू दिला नाही."

मुलीला बोलावून घेतलं. तिने काही उपदेश केला नाही. आम्ही तिघं रिकाम्या खोलीत बसलो, आणि ती म्हणाली, "काका, दहा मिनिटं बसू, मग ठरवा." दोन मिनिटंही झाली नसतील, लिफ्टवाले उठले. "नाही जमत," म्हणाले. "आतलाच आवाज एवढा आहे की बाहेरचं काही ऐकू येत नाही." आणि उभ्या उभ्या फोन लावला. बहीण तिकडे "हॅलो, हॅलो" करत होती. हे एवढंच म्हणाले, "पुढच्या बुधवारी येऊन जा एकदा," आणि बंद केला.

ती आली. आमची बैठक नुकती सुरू झाली होती. उन्हाने रापलेली, दणकट बाई, चपलांना वाळलेली माती. खोलीत डोळे मिटलेली बारा माणसं बघून दारातच थबकली. मुलीने तिला तेरावी खुर्ची दिली. तिने भावाकडे बघितलं, खांदे उडवले आणि आमच्यासारखेच डोळे मिटले.

दहा मिनिटांनी सांगणं सुरू झालं. ट्रॉली. कोणाचा तरी खोकला. किटली. मी काय सांगितलं ते आठवत नाही, माझं लक्षच नव्हतं. मग लिफ्टवाल्यांची पाळी आली. डोळे मिटलेलेच होते. "माझा आकडा वाढलाय," ते म्हणाले. "दोन पूर्णांक सहा. तुझी किडनी चाललीय. मी तुला आठ महिने खोटं सांगितलं."

एकटीला सांगणं त्यांना जमलं नसतं. त्यांना आम्ही सगळे भोवती हवे होतो, हे मला तेव्हा कळलं.

"डोळे उघड दादा," बहीण म्हणाली.

त्यांनी उघडले.

"मला वाटलं तुला कॅन्सर झाला. आठवडाभर माझ्या जिवाला घोर लावलास तू."

"तुझी ठेव मला सांभाळता आली नाही गं."

"कसली ठेव?" ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर तुला काय म्हणाले होते? तीन महिने जड उचलू नका. तू अकरा वर्षं पाण्याची बादली उचलली नाहीस. मी एका किडनीवर मातीची पोती उचलते रोज. माझी रोपवाटिका तू एकदा तरी बघितलीस? का, तर बसमध्ये धक्के बसतात. पोरीच्या लग्नाला आला नाहीस. का, तर गर्दीत जंतू असतात. तोंडाला फडकं बांधून मागच्या खुर्चीत बसला असतास तर काय झालं असतं? मी तुला ती जपायला दिली होती का रे? वापरायला दिली होती. झिजली तर झिजू दे. पण मला एवढं सांग, कशासाठी झिजली?"

खरं सांगते, तो प्रश्न मला विचारल्यासारखा लागला. माझ्या पोटात कोणा अनोळखी माणसाची किडनी सहा वर्षं होती, आणि त्या सहा वर्षांत मीही काय केलं होतं? वेळेवर गोळ्या घेतल्या होत्या. बेकरीवाला जमिनीकडे बघत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते पुसलं नाही.

लिफ्टवाले हळूच म्हणाले, "तुला राग आला असेल."

"आलाय ना! लग्नाचा आलाय. पोरगी अजून विचारते, मामा का नाही आला? तिला काय सांगू, मामाला माझी किडनी राखत बसायचं होतं म्हणून?"

बेकरीवाल्याला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. मग मी हसले, मग सगळेच. लिफ्टवालेही हसले आणि हसता हसता रडायला लागले. मोठ्याने, तोंड न लपवता. बहिणीने पदराने त्यांचं तोंड पुसलं. कष्टकरी बाईचा हात, जरा खसखसूनच पुसलं.

"साडेअकराची बस आहे," ती म्हणाली. "चल."

"आत्ता? बाराला रिपोर्ट येईल. मग डॉक्टर..."

"आकडा आठवड्यापूर्वीचा आहे ना तुझ्याकडे? आज काय सोन्याचा होणार आहे?"

लिफ्टवाल्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना मी आत्ता विचारून येते." पाच मिनिटांत परत आली. "सोमवारची वेळ दिलीय. तोवर गोळ्या चुकवू नका, एवढंच म्हणाले. आहेत ना जवळ?"

"पंधरा दिवसांच्या आहेत." त्या आमच्या सगळ्यांकडे कायम असतात.

"मग मास्क लावा आणि खिडकीशी बसा."

लिफ्टवाले उठले. शर्ट नीट केला, चष्मा पुसला, आमच्याकडे बघून काही बोलणार होते, पण बहीण दारापर्यंत पोहोचली होती आणि "येतोस का?" म्हणत होती. ते तिच्यामागे गेले. जिन्यावर तिच्या चपला वाजत होत्या आणि तिचं बोलणं चालूच होतं, बहुतेक लग्नाबद्दलच. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

आम्ही मग बाराची वाट बघत बसलो. बाराला खिडकीवरच्या माणसाने घसा खाकरून लिफ्टवाल्यांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारून मान बाहेर काढली. अकरा वर्षांत त्या नावाला दुसरी हाक मारावी लागली नव्हती.

"अहो, लिफ्टवाले कुठे गेले?" त्याने मला विचारलं. चेहरा उतरला होता त्याचा. "बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "बहिणीकडे गेलेत."

"रिपोर्ट न घेता? परत कधी येणार?"

"तिने सोडलं की," मी म्हटलं.